मटिल्डाचा मुकुट

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

आत्या,

लसणाची चटणी पोचली आणि तुझं पत्रही. अल ऐनहून ते घेऊन आलेल्या पप्पांनी दारातच "अल ऐन दरबाराचा वकील हजर आहे!" अशी आरोळी ठोकली, त्यामुळे शेजारच्या केरळी काकू बाहेर आल्या. त्यांना वाटलं, कोर्टाचं काही आहे. पप्पांनी त्यांनाही चटणी दिली.

काल फोनवर तुझ्या कानातल्या मशीनने एवढी शिट्टी मारली की तू "बरं बरं" म्हणून ठेवून दिलास. मला खरं तर बोलायचं होतं. पण बरंच झालं. "तोंडी भांडावं, लेखी विचारावं" हा तुझाच नियम, आणि मला तुझ्याशी भांडायचं नाही, विचारायचंच आहे.

आमच्या शाळेतल्या सुजाता मॅडम डिसेंबरात कॅनडाला चालल्या. म्हणजे इतिहासाची एक कायमची जागा रिकामी होणार. त्या जागेसाठी दोन नावं आहेत, एक माझं आणि एक सुमैय्याचं. सुमैय्या तुला माहीत आहे, हैदराबादची, माझ्याच वर्गावर असिस्टंट असते, जिने ईदला तुझ्यासाठी शीरखुर्मा पाठवला होता. दोघींपैकी एकीला जूनमध्ये भर स्टाफ मीटिंगमध्ये शब्द दिला गेला होता. सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या. आता मात्र प्रिन्सिपल बाईंचा कल दुसरीकडे आहे, आणि टाळ्या वाजवणारे सगळे चहाच्या कपात बघत बसतात. थोडक्यात, स्टाफरूममध्ये स्टीफन आणि मटिल्डा चालू आहे.

आणि गंमत बघ. बावीस तारखेला प्रिन्सिपल बाई माझा तास बघायला येणार आहेत, त्यावर सगळं ठरेल. आणि सातवीच्या पुस्तकात त्या आठवड्याचा धडा कोणता? तोच! तुझे डबे मला अजून दिसतात. पिठाचा मोठा डबा म्हणजे राजा पहिला हेन्री. साखरेची डबी म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा, जो तू बादलीत बुडवलास, कारण त्याचं जहाज बुडालं. पितळी डबा म्हणजे त्याची मुलगी मटिल्डा, आणि जॅमची बरणी म्हणजे तिची गादी बळकावणारा स्टीफन. जगातल्या कुठल्या मुलीला इंग्लंडचा इतिहास ओट्यावर शिकायला मिळाला असेल? मी शाळेत तोंड उघडत नव्हते तेव्हा तू मला घरी ठेवून घेतलंस, हे मी रोज वर्गात शिरताना आठवते. खोटं नाही, रोज.

तर प्रश्न असा: शब्द एकीला आणि जागा दुसरीला, असं झालं तर माणसाने काय करावं? मला जेवण जात नाहीये. पप्पांना सांगू नकोस.

तुझी
अस्मी


अल ऐन
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

अस्मी,

आशीर्वाद नेहमीचे आहेतच, ते दर पत्रात नव्याने देत नाही.

आधी जेव. उपाशी पोटी कुणी लढाई जिंकलेली नाही.

माणसाने काय करावं म्हणून विचारतेस? शब्द मिळाला आहे ना? मग जागा सोडायची नाही. तू लाजरी आहेस, तुला वाटणार, जाऊ दे, सुमैय्या बरी मुलगी आहे. असेल बरी. शीरखुर्मा उत्तम होता. पण स्टीफनसुद्धा बराच माणूस होता, सगळे म्हणतात. हसतमुख, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. राजाच्या हयातीत 'यानंतर मटिल्डाच' अशी शपथ घेणाऱ्यांत तोही होता. आणि राजा गेल्याबरोबर खाडी ओलांडून पहिला लंडनला कोण पोचला? तोच. यल्ला, खलास, मुकुट डोक्यावर.

तू मटिल्डासारखी वाग. ऑक्सफर्डला वेढा पडला तेव्हा ती बर्फात पांढरं पांघरूण घेऊन गोठलेल्या नदीवरून चालत निसटली. रडली नाही. तुला तर फक्त प्रिन्सिपलच्या केबिनपर्यंत चालायचं आहे, आणि तिथे एसी सोडला तर थंडीही नाही. जा आणि सरळ सांग की शब्द दिला होता.

तासात एक कर. पुस्तकात 'नेफ्यू' लिहिलेलं असेल, त्यावर थांबू नकोस. नेफ्यूने काही कळत नाही, पुतण्याही नेफ्यू आणि भाचाही नेफ्यू. स्टीफन हेन्रीच्या बहिणीचा मुलगा. मटिल्डाचा आतेभाऊ. सरदार म्हणाले, बाईमाणूस गादीवर नको. आणि बसवला कोणाला, तर बाईकडूनच नातं लागणाऱ्याला. मुलगी चालत नाही आणि बहिणीचा मुलगा चालतो, हा कुठला न्याय? आपल्याकडचं शेंबडं पोरही विचारेल. *भाचा!*

तुझा बाप म्हणतो, पत्र जाड झालं तर पेट्रोल जास्त लागतं. त्याला म्हटलं, वकिलाने थैली उचलावी, उघडू नये.

प्रमिलाआत्या


डिस्कव्हरी गार्डन्स
रविवार, २६ ऑक्टोबर

आत्या,

दिवाळीच्या दिवशी घरी आले आणि काहीच बोलले नाही. आई ड्यूटीवरून दमून आली होती, पाहुणे होते, आणि तू मला उटणं लावताना "माझी मटिल्डा" म्हणालीस. त्यानंतर माझ्याच्याने तोंड उघडेना.

मी मटिल्डा नाही. मी स्टीफन आहे.

शब्द सुमैय्याला दिला होता. सुजाता मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मेरे बाद सुमैय्या." ती सहा वर्षं तिथे आहे, मी दीड. पण माझी पदवी लंडनची आणि तिची हैदराबादची, आणि पालकांना भिंतीवर लंडन लिहिलेलं आवडतं, असं प्रिन्सिपल बाईंनी मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. आणि आत्या, जूनमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. जोरात वाजवल्या होत्या. तुला पहिल्या पत्रात मी हे मुद्दाम लिहिलं नाही. तू एवढ्या विश्वासाने माझ्या बाजूने उभी राहिलीस की पत्र वाचून मला जास्तच लाज वाटली.

आणि अजून एक झालं, ते याहून वाईट.

बावीसचा तास छान चालला होता. प्रिन्सिपल बाई मागे बसल्या होत्या, सुमैय्या खिडकीपाशी. तुझा भाचा-पुतण्या मी फळ्यावर घेतला, यहया म्हणाला, "मिस, इन अरॅबिक ऑल्सो वी हॅव डिफरंट वर्ड्स!" आणि सगळा वर्ग आपापल्या भाषेतले मामा-काका ओरडू लागला. प्रिन्सिपल बाई भराभर लिहीत होत्या. मग मी सांगितलं की स्टीफन पकडला गेला, मटिल्डा लंडनला आली, आणि तिला राज्याभिषेक झाला.

पहिल्या बाकावरची सान्वी हात वर करून म्हणाली, "मिस, बट शी वॉज नेव्हर क्राउन्ड."

मी म्हटलं, झाला होता. ती म्हणाली, "आय रेड इट, मिस. द पीपल ऑफ लंडन चेस्ड हर आउट." आणि मी, आत्या, मी, जी गॅस बंद आहे का ते बघायला लिफ्टमधून परत येते, मी त्या मुलीला म्हटलं, "नो सान्वी, सिट डाउन, आय ॲम व्हेरी शुअर." कारण मला खात्री होती. मला ते दिसतं. ती उंच जागी बसली आहे, डोक्यावर सोनेरी मुकुट, मध्ये लाल खडा, एक बाजू जरा वाकलेली. डोळ्यांनी पाहिल्यासारखं मी वर्णन केलं. सान्वी खाली बसली. तास संपेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

प्रिन्सिपल बाई जाताना म्हणाल्या, "व्हॉट कॉन्फिडन्स!"

घरी येऊन मी पाहिलं. सान्वीचं बरोबर आहे. जेवायला बसणार तेवढ्यात लंडनचे लोक उठले आणि मटिल्डाला तशीच पळावं लागलं. राज्याभिषेक कधीच झाला नाही. मग मला तो मुकुट कुठून दिसतो? तू शिकवलं होतंस का तसं? मी रागावलेली नाही. तू शिकवलेलं चुकीचं असेल तर एवढंच चुकीचं असेल, बाकी सगळ्यावर मी आज उभी आहे. पण मला कळायला हवं. कायमच्या नेमणुकीचं पत्र पंधरा नोव्हेंबरपर्यंत निघेल म्हणतात.

अस्मी


अल ऐन
शनिवार, १ नोव्हेंबर

अस्मी,

म्हणजे मी चुकीच्या राणीला सल्ला दिला. मागचं पत्र फाडून टाक. फक्त भाच्याचा भाग ठेव.

मी तुला तसं शिकवलेलं नाही. लंडनकरांनी तिला हाकललं, तिथेच मी धडा थांबवला होता. त्यावर आपण एक खेळ खेळलो होतो. तुझ्या डोक्यातून धडा गेला आणि खेळ राहिला. लहान मुलांचं होतं असं. त्यात माझा दोष नाही आणि तुझाही नाही.

आता ऐक. सान्वीची माफी वर्गात माग, केबिनमध्ये नाही. बस म्हटलंस ते सगळ्यांसमोर म्हटलंस. हे आधी कर. जागेचं काय करायचं ते मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं आणि बघ काय झालं. शिवाय या विषयात माझं मत शुद्ध नाही.

तुला स्टीफन म्हणवत नाही मला. स्टीफनला कधी जेवण गेलं नाही असं कुठे वाचलेलं नाही.

करंज्या पाठवते आहे. चार सुमैय्याला दे.

प्रमिलाआत्या


*(करंज्यांच्या डब्याखाली ठेवलेली चिठ्ठी)*

अस्मी बाळा,

वकिलाने थैली उघडली. माफी असावी. तुझं पत्र वाचून ताईने दोन दिवसांत सगळे डबे दोनदा घासले, म्हणून उघडली.

ती तुला अर्धंच सांगते आहे. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा ती सांगलीहून आपल्याकडे गणपतीला आली ती परत गेलीच नाही, एवढं तुला माहीत आहे. का, ते घरात कुणी बोलत नाही. तिच्या शाळेत मोठ्या बाई निवृत्त होताना सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की माझ्यानंतर प्रमिला. सुट्टी संपायच्या आत तिथे सेक्रेटरींचा भाचा बसला. टाळ्या वाजवणाऱ्या एकानेही तोंड उघडलं नाही. ताई इथे आली तेव्हा जेवायची, झोपायची, पण हसत नव्हती. तू शाळेत बोलत नव्हतीस आणि ती घरात हसत नव्हती. तुझी आई म्हणाली, या दोघींना एकत्र बसवू या.

पुढच्या वर्षीची गोष्ट. गौरी उठल्या होत्या, सामान अजून खोक्यात जायचं होतं. मी दुपारी हॉस्पिटलमधून घरी आलो तर ताई उपड्या बादलीवर बसलेली, अंगावर पांढरी चादर, आणि तू खुर्चीवर चढून गौरीचा मुकुट तिच्या डोक्यावर बसवत होतीस. बसेना, म्हणून तू तो एका बाजूने दाबून वाकवलास. मी म्हटलं, हे काय? तू म्हणालीस, "लंडनच्या लोकांनी हिला मुकुट दिला नाही. मी देते." आणि मोठ्याने, खणखणीत, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडलीस, "राणीसाहेबांचा विजय असो!" तुझा एवढा मोठा आवाज आम्ही तोवर ऐकलाच नव्हता.

ताई आधी हसली, मग रडली, मग परत हसली. पुढच्या वर्षी आम्ही गौरीला नवा मुकुट आणला. जुना तिने मागून घेतला.

मी सांगितलं हे तिला सांगू नकोस. मला याच घरात राहायचं आहे.

पप्पा


डिस्कव्हरी गार्डन्स
शनिवार, २२ नोव्हेंबर

आत्या,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तू पप्पांना छळलंस असं कळलं. सगळं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सान्वीची माफी मी पुढच्याच सोमवारी मागितली. प्रिन्सिपल बाईंना आधी मेल केला होता की कृपया पहिली दहा मिनिटं या. त्या आल्या. मी वर्गाला सांगितलं की माझं चुकलं, सान्वीचं बरोबर होतं, आणि बरोबर असताना मी तिला खाली बसवलं. सान्वी म्हणाली, "इट्स ओके, मिस," आणि मग, "कॅन आय से इट अगेन? स्टँडिंग?" मी म्हटलं, जरूर. ती उभी राहिली आणि सगळ्या वर्गाकडे वळून म्हणाली, "शी वॉज नेव्हर क्राउन्ड." वर्गाने टाळ्या वाजवल्या. प्रिन्सिपल बाईंनी नाही वाजवल्या.

तास सुटल्यावर सुमैय्या माझ्या शेजारी येऊन फळा पुसायला लागली. म्हणाली, "क्या अस्मी, नौ सौ साल बाद बेचारी कू ताज पहनाए, और दस दिन में वापस ले लिए?" मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तिथेच तिला सांगितलं की मी प्रिन्सिपल बाईंकडे चालले आहे, जूनमधल्या शब्दाबद्दल बोलायला. तिचा चेहरा एकदम बदलला. "मेरे कू रहम नक्को," म्हणाली. मी म्हटलं, दया नाही ग, मी टाळ्या वाजवल्या होत्या. तिने डस्टर खाली ठेवलं. मग म्हणाली, "हौ. सबसे जोर से तू ही बजाई थी. मैं देखी थी."

म्हणजे तिला माहीत होतं, आत्या. पाच महिने माहीत होतं, आणि तरी रोज माझ्या चहात साखर तीच घालत होती.

केबिनपर्यंत चालले. पांढरी ओढणी घेऊन गेले होते, मुद्दाम. सांगितलं की शब्द दिला गेला तेव्हा मी तिथे होते आणि मला तो आठवतो. बाई म्हणाल्या, "यू डू अंडरस्टँड, युवर नेम वॉज ऑलमोस्ट फायनल?" मी हो म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला. दुसऱ्या दिवशी सुजाता मॅडम स्वतः गेल्या. मग गणिताचे राजन सर. मग एकेक करत स्टाफरूममधले बाकीचे, जणू कुणीतरी आधी जायचीच सगळे वाट बघत होते.

मंगळवारी सुमैय्याच्या हातात कायमचं पत्र पडलं. माझी तात्पुरती नेमणूक जूनपर्यंत वाढवली आहे. जूननंतर काय, तर इन्शाल्ला. स्टीफननेही शेवटी असाच तह केला होता ना, की मी आहे तोवर मी आणि माझ्यानंतर मटिल्डाचा मुलगा? फक्त त्यांना अठरा वर्षं लागली. आम्हाला एक केबिन लागली.

मी खोटं लिहिणार नाही, पत्र निघालं त्या दिवशी घरी येऊन रडले. जागा मला हवी होती. अजून हवी आहे. पण रडून झाल्यावर भूक लागली, आणि मी तुझ्या चटणीबरोबर पाच पोळ्या खाल्ल्या.

आत्या, मला कुणी काही सांगितलेलं नाही. पण मला आता तो मुकुट नीट दिसतो, त्याखालचा चेहराही. तू मला शिकवलंस म्हणून मी बोलायला लागले, असं मी नेहमी म्हणते. खरं म्हणजे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते तुझ्यासाठी. सांगलीच्या त्या माणसांनी तुला तुझी जागा दिली असती तर तू मला मिळाली नसतीस. यासाठी त्यांचे आभार मानणं बरोबर नाही, ते मला कळतं. तुझे मानते.

एक विनंती आहे. वार्षिक कार्यक्रमात सातवीची मुलं हाच प्रसंग बसवणार आहेत. मटिल्डा सान्वी आहे. मुकुट तिच्या समोर उशीवर ठेवलेला असेल आणि तो तिला मिळणार नाही. तुझ्याकडे तो जुना गौरीचा मुकुट असेल तर पाठवशील? जपून वापरू. मी स्वतः परत आणून देईन.

तुझी
अस्मी


अल ऐन
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अस्मी,

तुला कुणी काही सांगितलेलं नाही, हे वाचलं. तुझ्या बापाला आज फोडणीशिवाय वरण मिळालं आहे. त्याने कारण विचारलं नाही, म्हणजे त्याला माहीत आहे.

सान्वीला माझा आशीर्वाद सांग. उभं राहून सांगायचं होतं तिला, हे मला फार आवडलं. सुमैय्याला सांग की अल ऐनला ये, शीरखुर्म्याची कृती शिकव, बदल्यात पुरणपोळी शिकवते. तुझ्याबद्दल काही लिहीत नाही. तीन वेळा लिहायला बसले, तीनदा चष्मा पुसावा लागला. जूनचं जूनमध्ये बघू. वरची खोली तुझीच आहे, ओटाही आहे, डबेही आहेत.

नाटकासाठी माझी पांढरी चादर पाठवते आहे. बर्फातून पळताना लागेल. पितळी डबा हवा असेल तर तोही ने. करंज्या हव्या तेवढ्या.

मुकुट मात्र पाठवत नाही. वर्गासाठी पुठ्ठ्याचा करा, वर सोनेरी कागद लावा, लांबून छान दिसतो. माझा मला लागतो. मटिल्डाचा राज्याभिषेक झाला नाही हे सान्वीचं म्हणणं अगदी बरोबर आहे. माझा झाला आहे, आणि मी अजून गादी सोडलेली नाही.

प्रमिलाआत्या